ऑर्किडच्या तारेवरचा पहारा

...नाही, पण मला एक सांगा, माती नसलेलं झाड बघितलंय का तुम्ही कधी? मुळं उघडी, हवेत लोंबकळतायत, खाली कुंडी नाही, लाकडाच्या फळकुटाला सुतळीनं बांधून ठेवलेलं, आणि विचारलं की बाबा हे जगतं कशावर, तर म्हणे हवेवर! अहो, हवेवर जगणारा माणूस माझ्या गेटवर आला असता ना, तर त्याला मी आधी बाजूला उभा केला असता. कामधंदा नाही, डबा नाही, आणि अंगावर तेज? कुठून आलं? मी कुणावर उगाच संशय घेत नाही, तुम्हाला सांगतो... पण विचारायला नको?

तर अशी नऊ झाडं आमच्या मागच्या अंगणात तारेला टांगलेली आहेत. ऑर्किडं. माझी नाहीत, आमच्या हिची. ही शिवणकाम करते, दिवसभर मशीनवर मान मोडून बसते आणि सकाळी उठल्या उठल्या आधी अंगणात जाऊन त्या झाडांशी बोलते. माझ्याशी चहा झाल्यावर. तोही दुसरा. त्यातलं नववं झाड म्हणजे तिचा जीव. आठ वर्षांपूर्वी एका हॉटेलाच्या मागल्या दारात फेकून दिलेलं बोटभर खोड हिनं उचलून आणलं. मी म्हटलं, टाकून दिलेली वस्तू उचलू नये, टाकणाऱ्यानं का टाकली ते आधी बघावं. ऐकते कुठे! आठ वर्षं त्याला आंघोळ घातली, सावली दिली, आणि त्यानं काय दिलं? पानं! नुसती पानं! फूल कसलं, रंग कोणता, बाईला पत्ता नाही. आणि ह्या वर्षी, नेमका ह्याच वर्षी, त्याला दांडा फुटला. दांड्याला सात कळ्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात हिची धाकटी बहीण जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. आता तुम्ही म्हणाल योगायोग. म्हणा. मी काही म्हणत नाही.

ही निघाली सहा आठवडे बहिणीकडे. पिशवी दारात, रिक्षा रस्त्यात, आणि ही अंगणात मला धडे देतेय. "अहो, रोज सकाळी पानांच्या पाठीवर पाणी मारायचं. पाठीवर, कळलं का? नुसतं वरून शिंपडून मोकळे होऊ नका. आणि नवव्याकडे लक्ष. सात कळ्या आहेत. मी येईपर्यंत फुललं नाही तरी चालेल, पण कळी गळता कामा नये. मला रंग बघायचाय हो एकदा त्याचा." म्हटलं, "अगं, चौतीस वर्षं साबणाच्या कारखान्याच्या गेटवर काढली मी. एक वडी बाहेर जाऊ दिली नाही. सात कळ्या सांभाळता येणार नाहीत का मला?" तर माझ्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाली. ते "हं" मला आवडलं नाही. पण रिक्षा सुटली.

पहिला आठवडा बरा गेला. मी अंगणात खुर्ची टाकली, तारेसमोर. माझा दाढीचा जुना ब्रश शर्टाच्या खिशात ठेवला, कारण झाडांवर धूळ बसलेली मला चालत नाही. रोज सकाळी पहिल्या झाडापासून नवव्यापर्यंत एकेक पान त्या ब्रशनं झाडायचं. वर, खाली, देठाशी. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. आणि संध्याकाळी फोन.

"कळ्या किती?"

"सात."

"नक्की?"

"मोजून सांगतोय."

"हं."

परत ते "हं"!

दुसऱ्या आठवड्यात पहिल्या झाडाच्या पानावर ठिपके दिसले. बारीक, फिक्कट, सुईनं टोचल्यासारखे. पान कसं, म्हाताऱ्याच्या हाताच्या कातडीसारखं दिसायला लागलं. दोन दिवसांनी दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. ओळीनं! आता ओळीनं कुणी चालत येत असेल तर तो वारा नाही, तो माणूस आहे, एवढं मला कळतं. मी मान वर केली. वर कोण? मास्तरीणबाई. आमच्या डोक्यावर राहतात, निवृत्त, एकट्या, आणि रोज अकरा वाजता कठड्यावरून पायपुसणं झटकतात. धपाधप! आमच्या तारेवर! मी कुणावर उगाच संशय घेत नाही, पण एका पायपुसण्यात रोज रोज एवढी धूळ कुठून येते, सांगा? एकटी बाई, दोन पाय!

मी खालून ओरडलो, "मास्तरीणबाई, काय टाकताय काय?"

वरून, शाळेतल्या आवाजात, "धूळ आहे हो ती! तुमच्याकडे नसते का?"

"ठिपके पडलेत आमच्या पानांवर!"

"मग डॉक्टरला दाखवा! मी काय करू? मी भूगोल शिकवायचे!"

बघा हं, मी भूगोलाचं विचारलं होतं का? विचारलं नव्हतं. न विचारलेली माहिती जो देतो त्याच्याकडे जरा नीट बघावं, हे मी गेटवर शिकलो. पण बाईंवर नजर ठेवायची म्हणजे मान वर, आणि माझी मान वर होत नाही, दुखते. आणि पाण्याचाही मला संशय आला. टाकीतून येतं, टाकी वर, वर मास्तरीणबाई! म्हटलं, पाणी बंद. पानांच्या पाठीवर थेंब मारायचा नाही. फक्त मुळांना, तेही गाळून.

आणि मग मला तो दिसला.

सहाव्या आणि सातव्या झाडाच्या मधोमध, हे एवढं जाळं, आणि बरोब्बर मध्ये, पाय पसरून, पोट पुढे काढून, काही एक काम न करता बसलेला कोळी. पिवळे पट्टे. मी बघताक्षणी ओळखलं. अगदी आमच्या कारखान्यातला मॅनेजर! तोही असाच मध्ये बसायचा आणि सगळे धागे हातात. आणि मॅनेजर एकटा नव्हता, त्याचा स्टाफ होता. बारके बारके, काळे, टुणकन उडी मारणारे, एका पानावरून दुसऱ्या पानावर. मी बोट नेलं की थांबायचे, वळून माझ्याकडेच बघायचे. डोळ्याला डोळा! चोराची नजर अशी नसते, चोर खाली बघतो, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं... पण नाही कळलं. मी म्हटलं, हा माज आहे.

आता पुरावा बघा. पानं खराब. पानांवर बारीक जाळी. आणि जाळीवाला जागेवर हजर! आणखी काय पाहिजे? कोर्टात सुद्धा एवढं लागत नाही.

मारलं नाही मी. आपण कुणाच्या जिवावर उठत नाही. एक काचेची बरणी घेतली, कॅलेंडरचं एक पान फाडलं, मॅनेजरला बरणीत घेतला, वरून कागद दाबला. हिसके देत होता, पण माझ्यापुढे काय चालणार? मग स्टाफ. चार दिवस लागले. एकूण चौदा जण धरले. आणि नेऊन कुठे सोडले? तुम्हाला सांगतो, बोलू नका कुठे. मास्तरीणबाईंच्या कठड्यावर! त्यांच्याही कुंड्या आहेत तिथे पाच-सहा. दुपारी त्या झोपतात. मी जिन्यात चपला काढल्या आणि एकेक वर नेऊन सोडला. म्हटलं, ज्यांची माणसं त्यांच्याकडे!

त्या दिवशी मी चहा दोनदा घेतला. तार कशी मोकळी, स्वच्छ. रोज ब्रश चालू, पहिल्यापासून नवव्यापर्यंत.

आणि चौथ्या दिवशी नवव्याची एक कळी खाली पडलेली.

अहो, मी ती उचलून परत लावून बघितली! खरं सांगतो. दांड्याला टेकवली आणि धरून उभा राहिलो. हसताय काय? तुमच्या हातात असती तर तुम्हीही धरली असती. आठ वर्षं बाईनं वाट बघितलेली, आणि ती माझ्या तळहातावर, वाटाण्याएवढी, पिवळी पडलेली. नवव्याची पानं उलटून बघितली तर खालून सगळी चांदी लावल्यासारखी, आणि देठाशी ती बारीक जाळी. आणि कोळी एकही नाही! मग जाळी विणतंय कोण? सगळ्यांना तर मी हाकललं! गेट बंद, आत कुणी नाही, आणि माल तरी कमी होतोय!

संध्याकाळी फोन.

"कळ्या किती?"

"...सात."

दोन दिवसांनी आणखी एक. पाच राहिल्या.

"कळ्या किती?"

"सात गं. किती वेळा विचारशील? तू... तू कशी आहेस? तब्येत बरी आहे ना तुझी? जेवतेस ना वेळेवर?"

पलीकडून मला तिच्या बहिणीच्या घरातल्या नळाचं पाणी ऐकू आलं. मग म्हणाली, "काय झालंय ऑर्किडला?"

"कुठे काय?"

"चव्वेचाळीस वर्षांत तुम्ही मला फोनवर तब्येत विचारली नाही. मी दवाखान्यात होते तेव्हाही तुम्ही मीठ कुठे ठेवलंय ते विचारायला फोन केला होता. काय झालंय?"

"अगं काही नाही..."

"हं," म्हणाली, आणि फोन ठेवला.

बघा, म्हणजे माणसानं जरा गोड बोलावं तर लगेच संशय! काय बाई आहे!

दुसऱ्या दिवशी मी नवव्याचं एक पान कापलं, ते पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं, वर तारीख घातली, मुद्देमाल, आणि नर्सरीवाल्याकडे गेलो. हा नर्सरीवाला म्हणजे गुडघ्यापर्यंत चिखल आणि बोलायला एकदम थंड. मी सगळी हकिगत सांगितली, मास्तरीणबाई, पायपुसणं, मॅनेजर, चौदा जणांची टोळी. तो ऐकत होता आणि रोपाला पाणी घालत होता. माझं संपल्यावर त्यानं एक पांढरा कागद घेतला, पान त्यावर धरलं आणि टिचकी मारली. टक, टक. कागदावर धूळ पडली. तांबूस.

"बघा," म्हणाला.

"धूळ आहे. मी सांगत नव्हतो? मास्तरीणबाईंची!"

"नीट बघा आजोबा." आणि हातात भिंग दिलं.

मी भिंग लावलं... आणि तुम्हाला सांगतो, धूळ चालत होती! एक कण इकडे, एक तिकडे, जेवायची सुट्टी झाल्यासारखी सगळी गर्दी! आठ-आठ पाय!

"माइट," तो म्हणाला. "पानाच्या पाठीला बसून रस पितात. जाळी पण तेच विणतात, बारीक. कोरड्यात, धुळीत फार वाढतात. पाठीवर पाणी मारत नव्हता का?"

मी पाकिटावरची तारीख वाचायला लागलो.

"आणि कोळी कशाला हाकलले? मोठा होता तो माश्या धरतो, झाडाला हातही लावत नाही. ते बारके उड्या मारणारे होते ना, ते ह्यांना खातात. सगळे नाही संपत, पण आवरतं काम."

"पण आठ पाय त्यांनाही आणि आठ पाय ह्यांनाही! म्हणजे भाऊबंदच की! आतून सामील नसतील कशावरून?"

त्यानं पाणी घालायचं थांबवलं. "आजोबा, पाय बघून चोर धरता होय तुम्ही?" आणि मग, असंच, जाता जाता म्हणाला, "एका झाडाचं दुसऱ्यावर कसं गेलं पण? वाऱ्यानं जातं थोडं. पण नऊच्या नऊ, ओळीनं... हे हातानं जातं बहुतेक. फडकं, ब्रश, असलं काही फिरवलं की चिकटून जातात पुढच्या झाडावर."

माझा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला.

त्याचं लक्ष नव्हतं. मी निघालो. हात खिशावरच. घरी येईपर्यंत काढला नाही, अंगावर चोरीचा माल असलेला माणूस कसा चालतो ते मी चौतीस वर्षं बघितलंय, आणि तुम्हाला सांगतो, मी हुबेहूब तसा चालत होतो. खांदा एका बाजूला, नजर खाली, पाय उगाच जलद. माझ्यासारखा कुणी वाटेत असता तर त्यानं मला धरलंच असतं.

आणि वाटेत मला बगळा आठवला. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पॅकिंगमध्ये एक म्हातारा होता, रोज शिफ्ट सुटली की गेटपाशी एका पायावर भार टाकून उभा राहायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघायचा. म्हणून बगळा. कामाचा नाही, घरी जात नाही, बघतो कुणाकडे? मला संशय आला. दोन वर्षं रोज त्याची झडती घेतली मी. चपला काढ, टोपी काढ, डब्याचं झाकण उघड. चार मिनिटं लागायची, पूर्ण. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी मला मिठी मारली त्यानं आणि कानात म्हणाला, "साहेब, बायको शिफ्टला असायची माझी, तिच्यासाठी थांबायचो. तुम्ही माझे खिसे उलटे करत होता ना, तेव्हा तुमच्या मागून पॅकिंगच्या सगळ्या बायका साबण घेऊन जायच्या. निळ्या डगल्यांना आतून खिसे होते." असं म्हणाला आणि गेला. पिशव्या मी तपासायचो हो त्यांच्या! पण बाईमाणसाच्या डगल्यात हात कसा घालणार?

एक वडी बाहेर जाऊ दिली नाही, असं मी सांगतो सगळ्यांना. सांगावं लागतं. नाहीतर चौतीस वर्षांचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

घरी आलो, तर दारात पिशवी.

अंगणात ही. सहापैकी चारच आठवडे झाले होते. तारेसमोर उभी, पदर खोचलेला, नवव्याचं पान उलटं धरलेलं. दांड्यावर कळ्या चार. म्हणजे मी नर्सरीत होतो तेवढ्यात आणखी एक गेली. मी दारातच थांबलो.

"अगं, बहिणीचं कसं..."

"ती चालायला लागलीय. इकडे या."

गेलो.

"खिशात काय आहे?"

"काही नाही."

"हात काढा."

अहो, माझी झडती! माझ्या अंगणात! तिनं खिशातून ब्रश काढला, पाटावरच्या पांढऱ्या कापडावर आपटला. टक, टक. धूळ पडली. आणि चालायला लागली.

"हा रोज फिरवत होतात? सगळ्यांवर?"

"...पहिल्यापासून नवव्यापर्यंत."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो, दोघांचं भागलं असतं. पण ती खाली बसली आणि पडलेली कळी उचलून नुसती बघत राहिली. बोटानं सोलून बघितली, आत रंग आला होता का. नव्हता आला. मग मीच म्हणालो, "चुकलं माझं." हे दोन शब्द तोंडातून निघताना दात दुखले, खोटं सांगत नाही.

"बादली आणा," ती म्हणाली.

आणली. कोमट पाणी. ही आत गेली, कपड्यांच्या पेटीतून, पार तळातून, एक साबणाची वडी घेऊन आली आणि किसणीवर किसायला लागली. मी बघतोय. वेष्टण ओळखीचं. हिरवी रेघ, कोपऱ्यात आमच्या कारखान्याचा शिक्का. अहो, तो कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली! आणि कामगारांना फुकट साबण मिळत नसे, मला तर मुळीच नाही, मी विकतचा दुसरा आणायचो, तत्त्व म्हणून!

"हा आपल्याकडे कसा?"

"कपड्यांना वास चांगला लागतो. ठेवल्या होत्या थोड्या."

"पण आल्या कुठून?"

किसणी थांबली नाही. "पॅकिंगच्या बायकांचे डगले कोण शिवायचं?"

बादलीत फेस यायला लागला होता.

"आतून खिसा लावा म्हणायच्या. मी लावायचे. कशाला ते मी विचारलं नाही. शिलाई झाली की जाताना एखादी वडी ठेवून जायच्या." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कुणावर उगाच संशय घेत नाही. ढवळा."

ढवळलं. काय करणार?

दर पाच दिवसांनी साबणाचं पाणी, पानांच्या पाठीला, प्रत्येक झाडाला वेगळं फडकं, आणि मग स्वच्छ पाण्यानं धुणं. ब्रश चुलीत गेला. आणि मला वर जावं लागलं. जिन्यात ह्या वेळी चपला काढल्या नाहीत. बेल दाबली.

"मास्तरीणबाई, आमचे... म्हणजे... कोळी आहेत का तुमच्याकडे?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "चौदा. बरणी आणलीय का? दुपारी मी झोपते, डोळे उघडे ठेवून झोपते." आणि वर म्हणतात, "पिवळा मात्र देणार नाही. माश्या कमी झाल्यात माझ्याकडे."

म्हणजे मॅनेजरची बदली झाली, कायमची. स्टाफ मी खाली आणला. पायपुसणं आता रस्त्याच्या बाजूला झटकतात, एवढं मात्र मिळवलं.

चारातली आणखी एक कळी गेली. तीन राहिल्या. आणि परवा सकाळी ही मला उठवायला आली. मला! चहाच्या आधी! अंगणात गेलो तर नवव्याची एक कळी उघडलेली. पांढरं म्हणावं तर हिरवट, हिरवं म्हणावं तर पिवळं, आणि मध्ये ओठासारखी एक पाकळी. आठ वर्षं थांबून हा रंग! ही तर खुर्चीवर, माझ्या खुर्चीवर, हात मांडीत घालून बसलेली, आणि डोळ्यांतून पाणी. मी जवळ वाकून बघितलं. पाकळीवर ठिपके! तांबूस! बारीक! मी धावत बादली आणायला निघालो.

"अहो, थांबा! ते फुलाचेच आहेत!"

"कशावरून?"

"फुलाला असतात तसे!"

आता मी दुसरी खुर्ची आणलीय, तिच्या शेजारी. दोघं बसतो. ती फूल बघते, मी ठिपके मोजतो. काल सत्तावीस होते. आज अठ्ठावीस. मी कुणावर उगाच संशय घेत नाही, तुम्हाला सांगतो, चुकलो असेन मोजायला... पण उद्या एकोणतीस झाले तर? झाले तर झाले. मी काय करणार? साबण तिच्या ताब्यात आहे.